निमव्यावसायिक बेसबॉल लीगमध्ये उत्कृष्ट खेळाडू आणि मॅनेजर यांची निवड व गौरव कसा करावा

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, कॅन्सस या राज्यांत गावोगावच्या बेसबॉल संघांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. मिनेसोटाची राज्य स्पर्धा १९२४ मध्ये सुरू झाली आणि १९५० मध्ये त्या एका राज्यात सुमारे ८०० संघ नोंदलेले होते. खेळाडू दिवसा नोकरी किंवा शेती सांभाळतात आणि संध्याकाळी व शनिवार-रविवारी मैदानात उतरतात. कोठे त्यांना थोडे मानधन मिळते, तर कोठे केवळ प्रवासखर्च. अशा लीगमध्ये वर्षअखेरचा पुरस्कार हीच बहुधा खेळाडूची एकमेव कायमची कमाई असते, आणि म्हणून ज्याच्यावर पुरस्कार समितीचे काम सोपवले जाते त्याने ते हंगामाचा पहिला चेंडू पडण्यापूर्वीच हाती घेतले पाहिजे.

त्यासाठी प्रथम एका पानाचा नियमपत्रक तयार करून तो सर्व संघांना पाठवावा. कोणते पुरस्कार द्यायचे, पात्रता काय, मत कोण देणार, मतदान कोणत्या तारखेला बंद होणार आणि बरोबरी झाल्यास काय करायचे, एवढे त्यात असले की पुरे. आठ संघांच्या लीगला सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा), सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम मॅनेजर हे चार पुरस्कार पुरेसे होतात. फार तर क्षेत्ररक्षणाचा एक वाढवावा. वीस चषक वाटणाऱ्या लीगमध्ये चषक न मिळालेला खेळाडूच लक्षात राहतो.

एखादा पुरस्कार केवळ एका आकड्यावर बेतण्याचा मोह टाळावा. १९१० मध्ये चाल्मर्स या मोटार कंपनीने सर्वाधिक फलंदाजी सरासरीच्या (फलंदाजीच्या संधींपैकी किती संधींत हिट मिळाला, त्या प्रमाणाच्या) खेळाडूला मोटार देऊ केली होती. डेट्रॉइटच्या टाय कॉबने आपली आघाडी जपण्यासाठी शेवटचे दोन सामने खेळलेच नाहीत. दुसरीकडे, अखेरच्या दिवशी सेंट लुईसच्या संघाने कॉबचा प्रतिस्पर्धी, क्लीव्हलँडचा नॅप लाजवे याच्यासमोर तिसऱ्या बेसवरच्या नवख्या खेळाडूला इतके मागे उभे केले की लाजवेने बहुतेक वेळा बंट टाकून (बॅट न फिरवता चेंडू हळूच जवळ पाडून) दिवसभरात आठ हिट (ज्या फटक्यावर फलंदाज सुरक्षित बेसवर पोहोचतो तो) जमवले. सेंट लुईसच्या मॅनेजरला नोकरी गमवावी लागली, कंपनीने दोघांनाही मोटार देऊन वाद मिटवला आणि पुढच्या वर्षी निवडीचे काम क्रीडा पत्रकारांच्या समितीकडे गेले. मोटारीच्या जागी पन्नास डॉलरचा चषक असला तरी माणसाचा स्वभाव फारसा बदलत नाही.

निवडीचा सारा भार शेवटी स्कोअरबुकवर येतो. गावच्या लीगमध्ये गुणलेखन यजमान संघाचाच कोणी तरी करतो, बहुधा एखाद्या खेळाडूचे वडील किंवा पत्नी, आणि शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील क्षेत्ररक्षकाच्या) हातून निसटलेला चेंडू हिट धरायचा की क्षेत्ररक्षकाची चूक, हे घरच्या माणसाला नेहमी एकाच दिशेने दिसते. यावर उपाय साधा आहे. दोन्ही संघांनी आपापली नोंदवही ठेवावी, सामना संपल्यावर दोन्ही गुणलेखकांनी ती तिथेच ताडून पाहावी, पानावर सह्या कराव्यात आणि दोन दिवसांच्या आत त्याचे छायाचित्र समितीकडे पोहोचवावे. वादाचा निर्णय त्या आठवड्यातच लागला पाहिजे. जूनमधल्या एका ग्राउंडरची, म्हणजे जमिनीवरून गेलेल्या फटक्याची, आठवण ऑगस्टमध्ये कोणालाच नीट सांगता येत नाही.

पात्रतेची मर्यादा ठरवताना मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचा, नियम जसाच्या तसा उचलू नये. तेथे फलंदाजीच्या किताबासाठी संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ वेळा फलंदाजीस येणे आणि पिचरच्या धावसरासरीच्या किताबासाठी (दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर धरलेल्या धावा) सामन्यामागे एक इनिंग (डाव) टाकणे आवश्यक असते. मायनर लीगसाठी, म्हणजे त्याखालच्या व्यावसायिक लीगसाठी, अधिकृत नियमांतच हे प्रमाण २.७ वेळा आणि ०.८ इनिंग असे खाली आणलेले आहे, आणि नोकरीमुळे मधल्या वारचे सामने चुकवणाऱ्या खेळाडूंच्या लीगला तेच शोभते. २४ सामन्यांच्या हंगामात याचा अर्थ फलंदाजासाठी ६५ वेळा फलंदाजी आणि पिचरसाठी सुमारे १९ इनिंग असा होतो. मेजर लीगचे प्रमाण लावले तर फलंदाजाला ७४ वेळा यावे लागले असते. एकाच दिवशी सात-सात इनिंगचे दोन सामने खेळवण्याची पद्धत असेल, तर मर्यादा आणखी थोडी खाली आणावी.

काठावर राहिलेल्या खेळाडूसाठीही अधिकृत नियमांत एक न्याय्य वाट आहे. कमी पडलेल्या संधी हिट न मिळालेल्या संधी म्हणून त्याच्या खात्यात घालायच्या, आणि तरीही त्याची सरासरी सर्वांच्या वर राहिली तर किताब त्यालाच द्यायचा. १९९६ मध्ये मेजर लीगमधील फलंदाज टोनी ग्विन ५०२ ऐवजी ४९८ वेळाच फलंदाजीस आला होता, पण चार संधी वाया गेल्या असे धरूनही तो पुढे राहिला आणि .३५३ च्या सरासरीने विजेता ठरला. हे कलम पत्रकात आधीच छापलेले असावे, कारण निकालानंतर काढलेला नियम कितीही न्याय्य असला तरी तो कोणासाठी काढला हे सगळ्यांना कळते.

आकड्यांपैकी फलंदाजासाठी सरासरीपेक्षा बेसवर पोहोचण्याचे प्रमाण आणि फटक्यांतून मिळालेल्या बेसचे प्रमाण यांच्या बेरजेला अधिक वजन द्यावे, कारण वॉक (पिचरने चार चुकीचे चेंडू टाकल्याने फुकट मिळणारा पहिला बेस) मिळवणारा धीराचा खेळाडू नुसत्या सरासरीत दिसतच नाही. त्याचबरोबर घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवरची कामगिरी वेगवेगळी मांडावी. गावच्या मैदानांची मापे एकसारखी नसतात, आणि ज्या मैदानाचे उजवे कुंपण हाकेच्या अंतरावर आहे तेथे डावखुऱ्या फलंदाजाने मारलेले होम रन मोजताना समितीने थोडे थांबावे. पिचरच्या बाबतीत, ज्या संघाचे क्षेत्ररक्षण कच्चे आहे त्याच्या पिचरविरुद्ध चुकांमुळे पुष्कळ धावा होतात, आणि त्या त्याच्या खात्यावर धरायच्या की नाहीत हे पुन्हा गुणलेखकाच्या मर्जीवर असते. म्हणून त्याने किती फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि किती वॉक दिले हे आकडे शेजारी ठेवावेत. क्षेत्ररक्षणाबाबत मात्र आकडे बाजूला ठेवून प्रतिस्पर्धी मॅनेजरांना विचारावे. जो चेंडूपर्यंत पोहोचतच नाही त्याच्या नावावर चूकही लागत नाही, आणि कागदावर तोच निर्दोष ठरतो.

मतदान मॅनेजर आणि प्रत्येक संघाच्या एका खेळाडूने करावे. स्वतःच्या संघातील कोणालाही मत देता येणार नाही, ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. मेजर लीगच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी पत्रकार दहा नावे क्रमाने लिहितात आणि पहिल्या नावाला १४, दुसऱ्याला ९, नंतर ८, ७ असे उतरते गुण मिळतात. लहान लीगमध्ये तीन नावे आणि ५, ३, १ असे गुण सोयीचे पडतात. मते बाद फेरी सुरू होण्यापूर्वी बंद करावीत, म्हणजे एका रविवारचा पराक्रम सबंध हंगामावर पडदा टाकत नाही. मागील विजेत्याला बाद ठरवू नये. मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगने १९२२ ते १९२८ या काळात तसा नियम ठेवला होता, आणि त्यामुळे १९२३ चा विजेता बेब रूथ १९२७ मध्ये ६० होम रन मारूनही पुरस्काराच्या विचारातच आला नाही.

आता मॅनेजरचा प्रश्न. क्रिकेटच्या वाचकांसाठी एवढे सांगावे लागेल की बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे सामानसुमान आणि तिकिटे पाहणारा व्यवस्थापक नव्हे. क्रिकेटमध्ये मैदानावरचे जे निर्णय कर्णधार घेतो, ते येथे मॅनेजर डगआउटमधून (मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकावरून) घेतो. निमव्यावसायिक संघात तर तोच खेळाडू गोळा करतो, फोन करून माणसांचा कोरम जुळवतो, मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो आणि कित्येकदा स्वतः खेळतोही. नॉर्थ डकोटातील बिस्मार्क येथे नील चर्चिल या मोटारविक्रेत्याने १९३५ मध्ये कृष्णवर्णीय आणि गोरे खेळाडू एकत्र घेऊन संघ उभा केला, जॅकी रॉबिन्सन हा आधुनिक काळातील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीगमध्ये उतरण्याच्या १२ वर्षे आधी. त्याच वर्षी हॅप ड्यूमाँटने कॅन्ससमधील विचिटा येथे सुरू केलेल्या निमव्यावसायिक संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत हा संघ अजिंक्य ठरला आणि त्याचा पिचर सॅचेल पेजने ६० फलंदाज स्ट्राइकआउट केले. पेजचा पराक्रम स्कोअरबुकात सापडतो. पेज, हिल्टन स्मिथ आणि क्विन्सी ट्रूप यांना एका गावात आणण्याची चर्चिलची करामत तेथे कोणत्याच रकान्यात बसत नाही.

म्हणून मॅनेजरचा पुरस्कार आपोआप विजेत्या संघाकडे जाऊ देऊ नये, आणि गेल्या वर्षी तळाला असलेला संघ वर आला एवढ्यावरूनही देऊ नये. एक हिशेब उपयोगी पडतो: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे जिंकण्याचे अपेक्षित प्रमाण. १३० धावा करून १२० दिलेल्या संघाने २४ पैकी सुमारे १३ सामने जिंकायला हवेत. त्याने १६ जिंकले असतील तर अटीतटीच्या क्षणी मॅनेजरने काही तरी बरोबर केले असण्याची शक्यता आहे, मात्र त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो आणि या आकड्यावर मत देऊ नये, फक्त प्रश्न विचारावा.

खरी माहिती इतर ठिकाणी मिळते. संघाने माणसे नाहीत म्हणून किती सामने सोडले? १९ वर्षांच्या पिचरकडून एका आठवड्यात किती चेंडू टाकून घेतले? स्थानिक मुलांना किती संधी दिली? पंचांशी वागणूक कशी होती? शेवटच्या प्रश्नासाठी हंगामाच्या शेवटी पंचांकडून त्यांचे नाव न लिहिता चार ओळींचे उत्तर मागवावे आणि मॅनेजरच्या पुरस्कारात पंचांना मिळून एक मत द्यावे. माझ्या मते हे एक मत इतर सर्वांपेक्षा अधिक जाणते असते, कारण प्रत्येक संघाला हरताना आणि जिंकताना तितक्याच जवळून पाहणारे दुसरे कोणी नसते.

पराभूत संघातील खेळाडूसाठी एक जागा राखून ठेवण्याची कल्पना जपानकडून घ्यावी. तेथे कंपन्यांच्या संघांची आंतरशहर स्पर्धा १९२७ पासून चालते. तिच्यातील सर्वोत्तम खेळाडूला हाशिदो पुरस्कार मिळतो, आणि झुंज देऊन हरलेल्या संघातील खेळाडूला कुजी पुरस्कार. कुजी जिरो हा हाकोदातेचा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) होता. १९३९ मध्ये सामना चालू असताना डोक्याला चेंडू लागून त्याचा मृत्यू झाला. पुरस्काराला नाव देण्याची ही रीत आपल्याला परकी नाही, खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेतील एकलव्य आणि राणी लक्ष्मीबाई पुरस्कार सर्वांना ठाऊक आहेत. गावच्या लीगने मात्र पुराण-इतिहासापेक्षा आपल्याच मैदानावरचे नाव निवडावे, आणि प्रायोजकाचे नाव फलकाच्या खालच्या ओळीत ठेवावे.

आयुष्यभराच्या कामगिरीसाठी सन्मान-दालन उभारायचे असेल तर घाई करू नये. कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या राष्ट्रीय सन्मान-दालनासाठी पत्रकारांच्या निवडणुकीत निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबावे लागते आणि ७५ टक्के मते लागतात. हे दोन्ही नियम लहान लीगलाही मानवतात. जुन्या खेळाडूंसाठी वेगळी उपसमिती नेमून तिला गावच्या साप्ताहिकांचे जुने अंक चाळायला बसवावे, विशेषतः वर्णभेदाच्या काळात ज्या संघांची नोंद लीगने ठेवलीच नाही त्यांच्यासाठी. वर्णभेदाच्या काळातील कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीगचे आकडे जुन्या वर्तमानपत्रांतील धावफलकांतून असेच परिश्रमाने जुळवले गेले, आणि २०२४ मध्ये ते मेजर लीगच्या नोंदींत सामील झाल्यावर त्या लीगमधील जॉश गिब्सन .३७२ च्या सरासरीने सर्वकालीन यादीत कॉबच्या पुढे गेला.

समारंभ मोठ्या सभागृहात नव्हे, तर विजेत्याच्या घरच्या मैदानावर, सामन्यापूर्वी, दहा मिनिटांत उरकावा. मानपत्रात विशेषणे कमी आणि घडलेल्या गोष्टी अधिक असाव्यात: "२४ पैकी २३ सामन्यांत कॅचर म्हणून उभा राहिला, आणि एकदा रात्रपाळी संपवून थेट मैदानात आला" हे वाक्य "अष्टपैलू आणि तडफदार" यापेक्षा जास्त काळ वाचले जाते. नावाचे स्पेलिंग फलक कोरायला देण्यापूर्वी खेळाडूच्या घरच्यांकडून तपासून घ्यावे. रोख बक्षीस देण्यापूर्वी तो खेळाडू महाविद्यालयाकडून खेळतो का, हे विचारावे, कारण रोख रकमेने त्याच्या हौशी दर्जावर प्रश्न येऊ शकतो. अशा वेळी त्याच्या महाविद्यालयाच्या नियम-कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे, किंवा सरळ फलक आणि बॅट द्यावी.

निकालाबरोबर प्रत्येक पुरस्काराचे एकूण गुण जाहीर करावेत, कोणी कोणाला मत दिले ते मात्र नाही. चूक आढळली तर दुरुस्ती छापावी, पण दिलेला चषक परत मागू नये. दुसरा करून द्यावा. सह्या केलेल्या नोंदवह्यांची एक प्रत गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी आणि तिच्या पहिल्या पानावर त्या वर्षीचा नियमपत्रक चिकटवावा.