मिरगाआधीची कामं: डोंगरावरची माती तळ्यात जाऊ नये म्हणून

खताची पोती उघडण्याआधी आपल्या जमिनीतलं पाणी कुठून उतरतं आणि कुठल्या व्हाळातून तळ्याला मिळतं, ते एकदा चालून बघा. एकरभर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ४ लाख लिटर पाणी होतं, आणि गोव्यात जून-जुलैत असा दिवस येतोच. जांभ्याच्या आंबट मातीत लोह खतातल्या स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट धरून ठेवतं. म्हणजे माती वाहिली की स्फुरदही गेलं. पुढे तळ्याच्या गाळातला प्राणवायू संपतो, धरलेलं स्फुरद पाण्यात सुटतं आणि शेवाळ, जलपर्णी माजते. कुडचड्याचं ४२ हेक्टरांचं नंदा तळं २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. त्याच्या पाण्यावर खालची भातशेती होते, म्हणून वरच्या शेतकऱ्याची जबाबदारी मोठी.

काजूच्या उतारावर आडवे चर मारा: ५ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल. एका चरात साधारण १,२५० लिटर पाणी मावतं. वरच्या ओळीतल्या दोन चरांमधल्या मोकळ्या जागेखाली खालच्या ओळीतला चर यावा. माती खालच्या अंगाला टाकून तिच्यावर वाळा लावा. पातळी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनेच बघा, नजरेवर विसंबू नका. चर जरा जरी कलला तरी पाणी एका टोकाला साचतं, तिथेच फुटतं आणि नवी घळ पडते. घराच्या वर, कापलेल्या दरडीच्या वर किंवा फार खड्या उतारावर चर नकोतच, जमीन सरकू शकते. झाडाखालचा पाला जाळू नका. सगळं रान खरवडूनही काढू नका, बुंध्याभोवतीच साफ करा.

पाट व्हाळाला मिळतो तिथे २ × १ × १ मीटरचा गाळखड्डा करा. त्यात वाळू बसते, बारीक चिकण माती बसत नाही. ती अडवायला पुढे किमान ५ मीटर गवताचा पट्टा ठेवा. पाणी त्यावर पसरून जायला हवं. एकाच ओघळीतून गेलं तर पट्टा कुचकामी. खड्डा अर्धा भरला की उपसा आणि ती माती बागेतच परत घाला.

जोराच्या पावसाचा इशारा असेल तेव्हा खत नको. भाताला युरिया दिल्यावर चार-पाच दिवस मेरेचं (बांधाचं) तोंड बंद ठेवा. सुपारीवर फवारून उरलेलं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) पाटात कधीच ओतू नका, त्यातलं तांबं माशांना मारक असतं. लागेल तेवढंच बनवा आणि पंप धुतलेलं पाणी बागेतच, पाटापासून लांब जिरवा. शेणाच्या उकिरड्यावर आताच ताडपत्री घाला.