बॅकअप घेताय, पण परत आणून पाहिलाय का?

नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या मामाजींच्या ठोक किराणा दुकानात रात्री शटर ओढायच्या आधी एक काम न चुकता व्हायचं. दुकानातला मुलगा पेन ड्राइव्ह लावायचा, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं चिन्ह त्यावर टाकायचा आणि ड्राइव्ह गल्ल्यात ठेवायचा. दोन वर्षं हा नेम चालला. मग ऐन मे महिन्यात कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. ड्राइव्ह उघडला तर आत एकच फाइल, २ केबीची, चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण. शॉर्टकट होता तो. घराच्या पत्त्याची चिठ्ठी रोज जपली गेली, घरातलं सामान मात्र त्या एकाच डिस्कवर राहिलं. निम्मी उधारी कच्च्या चिठ्ठ्यांवरून जुळवली, बाकीची गिऱ्हाइकांच्या इमानावर सोडली.

तेव्हापासून कुणाच्याही दुकानात गेलो की मी एकच विचारतो: भाऊ, बॅकअप शेवटचा परत कधी आणून पाहिला?

सुरुवात कागदावर करा. दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. किती दिवसांचा हिशेब गेला तर हाताने पुन्हा भरता येईल? आणि कॉम्प्युटरशिवाय दुकान किती वेळ चालेल? एका दिवसाचीच बिलं पुन्हा भरता येणार असतील, तर बॅकअप रोज हवा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

मग खरा डेटा कुठे आहे ते शोधा. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर कंपनीचा डेटा अशा फोल्डरमध्ये असतो ज्याच्या नावात नुसते आकडेच असतात. कुठल्या जागी, ते टॅलीच्या सेटिंगमध्ये दिसतं. त्या फोल्डरचा आकार बघा. काही वर्षांच्या हिशेबाचा बॅकअप दोन-चार केबीत मावला, तर समजा काहीतरी चुकलंय. कॉपी करण्याआधी सॉफ्टवेअर बंद करा. उघड्या फाइलची प्रत अर्धवट निघू शकते.

आता प्रती. जुना नियम आहे ३-२-१ चा: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुकानाबाहेर. त्यासाठी बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क घ्या, एकीवर लाल पट्टी, दुसरीवर निळी. आज लाल दुकानात, निळी घरी, उद्या अदलाबदल. दुकानाला आग लागली, चोरी झाली, तरी घरची डिस्क शाबूत. डिस्क वाटेत हरवू शकते, म्हणून तिला विंडोजमधल्या बिटलॉकरसारखं पासवर्डचं कुलूप लावा आणि त्याची रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरला तर कुलूप उघडणारा आकडा, कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. ही की त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवली तर वेळेला उपयोग नाही.

कॉपी झाली की डिस्क काढायची. यात मी कुणाचीही सबब ऐकत नाही. खंडणीचा व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, कॉम्प्युटरला जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतो. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभरात हेच केलं, आणि ज्या फटीतून तो शिरला तिचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. आपोआप सिंक होणाऱ्या क्लाउडवर, म्हणजे फाइल बदलली की लगेच बदलणाऱ्या इंटरनेटवरच्या प्रतीवर, विसंबू नका. बिघडलेली फाइलही तिथे तितक्याच इमानाने चढते. जुन्या आवृत्त्या ठेवणारी सेवा असेल तर चालेल.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कॉम्प्युटर कूलरच्या तोंडासमोर ठेवलेले मी कितीतरी पाहिलेत. ती हवा ओली असते, आतल्या भागांना गंज धरतो. कॉम्प्युटर बाजूला घ्या, यूपीएस लावा, आणि वीज गेली की काम पुढे न रेटता नीट शटडाउन करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तालीम. महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅकअपची डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा, डेटा तिथे उघडा. आदल्या दिवसाचं शेवटचं बिल काढा, त्याचा नंबर आणि रक्कम कागदी प्रतीशी जुळवा. एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाची बाकी बघा. किती वेळ लागला तो लिहा आणि पहिल्या कागदावरच्या उत्तराशी ताडून पाहा.

ही चूक फक्त छोट्या दुकानांची नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, एकही धड कामी आली नाही. बॅकअप फसल्याचे ईमेल निघत होते, पण वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहून सांगितलं, त्याचा मला फार आदर वाटतो.

रॅन्समवेअरचा हल्ला झालाच तर आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. पडद्याचा फोटो घ्या, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा. घाबरून बॅकअपची डिस्क त्याच कॉम्प्युटरला लावू नका. मामाजींच्या दुकानात हे आता मोठ्या अक्षरांत लिहून गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय, आणि रविवारची तालीम तोच मुलगा करतो.