न्यूरोब्लास्टोमाचं ऑपरेशन ठरलंय? सर्जनला काय विचारायचं, तयारी काय करायची

पोटात गाठ आहे कळलं की आईबाबांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "डॉक्टर, काढून टाका ना लगेच". पण न्यूरोब्लास्टोमात, म्हणजे लहान मुलांना होणाऱ्या मज्जापेशींच्या कॅन्सरमध्ये, बऱ्याचदा लगेच काढत नाहीत. ही गाठ बहुतेक वेळा किडनीच्या डोक्यावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत नाहीतर मणक्याशेजारच्या मज्जातंतूंच्या साखळीत सुरू होते आणि वाढताना रक्तवाहिन्यांना गुंडाळून घेते, म्हणजे कणकेत दोरा मळला गेला तर तो न तोडता काढायचा, तसं काम सर्जनपुढे असतं.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: सीटीत महाधमनी, आतड्याची किंवा किडनीची रक्तवाहिनी गाठीत अडकलीय का? स्कॅनवर दिसणाऱ्या अशा अडचणींना डॉक्टर आयडीआरएफ म्हणतात. तसं काहीच नसेल आणि आजार पसरलेला नसेल तर सहसा आधी ऑपरेशन, अडकलेलं असेल तर बरेचदा आधी बायोप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी) आणि केमो. हाय-रिस्कमध्ये, म्हणजे आजार जास्त धोक्याचा असेल तर, केमोच्या चार-पाच सायकल झाल्यावर ऑपरेशन, पुढे स्टेम सेल प्रत्यारोपण, रेडिएशन, इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या मदतीने उपचार), त्यामुळे "ऑपरेशन झालं, सुटलो" असं मनात धरू नका. आणि हो, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची अ‍ॅड्रिनलवरची छोटी गाठ काही वेळा नुसती सोनोग्राफी आणि लघवीच्या तपासणीवर ठेवतात, ती आपोआप विरते सुद्धा, तिथे ऑपरेशनची घाई करू नका.

दुसरा प्रश्न, किती निघेल आणि किडनी वाचेल का? हाय-रिस्कमध्ये ९० टक्क्यांहून जास्त काढायचा प्रयत्न असतो. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला तुकडा मुद्दाम ठेवला तर ऑपरेशन फसलं असं नाही, उलट तिथे हट्ट करणारा सर्जन मला तरी नको. अशी ऑपरेशनं नेहमी करणारा लहान मुलांचा कॅन्सर सर्जन आहे का, हे बिनधास्त विचारा, कोणी रागावत नाही. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अशा मुलांवर उपचार होतात, राहायची, पैशांची अडचण असेल तर तिथल्या सोशल वर्करला पहिल्याच दिवशी गाठा. महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड, आधार जवळ ठेवा, मंजुरी मिळायच्या आधी बिलं भरत सुटू नका.

ऑपरेशनची तारीख केमोनंतर काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) वर आले की मिळते. मधे १००.४ ताप आला तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल, घरी क्रोसिन देऊन थांबायचं नाही. रक्तदाते आधीच बोलून ठेवा. ऑपरेशनआधी वरचं दूध साधारण सहा तास, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास आधी बंद, पण शेवटचा शब्द भूलतज्ज्ञांचा. आजीला हे नीट समजवा, रडतंय म्हणून चमचाभर दूध पाजलं की तारीख पुढे ढकलली जाते.

नंतर बाळ आयसीयूत, पोटात ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी). खायला सुरू केल्यावर ड्रेनमधून दुधासारखं पांढरं आलं तर नर्सला लगेच सांगा. आतड्याच्या धमनीभोवती काम झालं असेल तर पातळ जुलाब बरेच दिवस चालू शकतात, आणि मानेतली किंवा छातीच्या वरच्या भागातली गाठ असेल तर एका डोळ्याची पापणी खाली येऊ शकते, हे दोन्ही आधीच विचारून ठेवा. गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तो आणि सीटीची सीडी फाईलमध्ये लावा, पुढच्या प्रत्येक ओपीडीला तेच मागतात.