मुदतीआधी भाड्याचं घर सोडताय? या चुका टाळा

सामान हलवलं, चावी शेजाऱ्यांकडे ठेवली, म्हणजे घर सुटलं. करार सुटला असं नाही. भाडेकरूंचे पैसे बहुतेक वेळा इथेच अडकतात. घरमालकाने ताबा परत घेतल्याची लेखी नोंद नसेल, तर पुढच्या महिन्यांचं भाडंही तो मागू शकतो.

म्हणून आधी करार काढून वाचा. लॉक-इन (ज्या काळात घर मधेच सोडता येत नाही) किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची आणि मधेच सोडलं तर काय द्यावं लागेल, हे शोधा. बदली, गेलेली नोकरी, आजारपण ही कारणं अगदी खरी असतात. पण करारात किंवा कायद्यात सूट नसेल, तर त्यांनी जबाबदारी आपोआप संपत नाही.

नोटीस फोनवर देऊ नका. 'मी सांगितलं होतं' हे नंतर सिद्ध करता येत नाही. जर्मनीत तर सही केलेली कागदी नोटीसच लागते, ई-मेल चालत नाही. घराचा पत्ता, कराराची तारीख आणि ताबा देण्याचा दिवस स्पष्ट लिहा, पोच घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा' असं सांगून मोकळं होणं. घरमालकाची संमती नसेल तर ती सरळ थकबाकी ठरते, आणि मग करार तुम्हीच मोडला असं म्हणायला त्याला जागा मिळते.

उलट बाजूने, घाबरून उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं भरून टाकण्याचीही घाई नको. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही वरची मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. नुकसान कमी करण्याचे कोणते मार्ग घरमालकाच्या हातात होते, हेही कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार बघावं लागतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत घरमालकाने नवा भाडेकरू शोधायचा वाजवी प्रयत्न करावाच लागतो. तेव्हा घर बघायला येणाऱ्यांना अडवू नका, ओळखीतलं कोणी असेल तर सुचवा आणि त्या निरोपांची नोंद ठेवा. परस्पर कोणाला राहायला मात्र आणू नका. करारावर दोन भाडेकरूंच्या सह्या असतील, तर एकाने घर सोडल्याने तो सहसा मोकळा होत नाही, हेही विसरू नका.

ताबा देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: नळ, खिडक्यांच्या कड्या, भिंतींवरचे डाग, विजेच्या मीटरचं रीडिंग. वापराने फिकट झालेला रंग वेगळा आणि फुटलेलं बेसिन वेगळं. पहिल्याचे पैसे साधारणपणे भाडेकरूकडून घेता येत नाहीत. डिपॉझिट त्याच दिवशी मिळणार नसेल, तर 'आमचं काही येणं नाही' अशा कागदावर सही करू नका. किती रक्कम बाकी आहे आणि ती कोणत्या तारखेला मिळेल, हे आधी त्यावर लिहून घ्या.