स्टेकची नावं कशी वाचावीत आणि आपला तुकडा कसा निवडावा

रिबआय, स्ट्रिप, टी-बोन, पोर्टरहाउस, हँगर, फ्लॅट आयर्न, टोमाहॉक, पिकान्या. गोमांसाच्या स्टेकची, म्हणजे भाजायच्या कापांची, अशी यादी पहिल्यांदा हातात आली की माणूस बावचळतो आणि कानावरून गेलेलं एखादं नाव सांगून मोकळा होतो. ते बहुधा टेंडरलॉइन असतं. निवड वाईट नाही, पण त्याहून चवदार तुकडे त्याच यादीत खाली कुठेतरी असतात.

ही नावं कोणी एकत्र बसून ठरवलेली नाहीत. काही खाटकांच्या ओट्यावर पडली, काही हॉटेलांच्या स्वयंपाकघरात, तर काही अलीकडे माल खपावा म्हणून मुद्दाम शोधली गेली. त्यामुळे एका तुकड्याला पाच नावं आणि एका नावाचे तीन तुकडे असा प्रकार आहे. नावं पाठ करण्यात वेळ घालवू नका. तुकडा जनावराच्या अंगावर कुठे होता तेवढं कळलं की बाकीचं आपोआप जुळतं.

१. आधी जनावर डोळ्यांपुढे आणा

पाय, मान आणि खांदा दिवसभर राबतात. राबणारा स्नायू चिवट होतो, पण चवीला दणदणीत. पाठ, त्यातही कमरेकडची बाजू, तुलनेने आरामात असते, म्हणून मऊ. नावाजलेले बहुतेक स्टेक पाठीच्या याच पट्ट्यातले.

कण्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक लांब, जाड स्नायू जातो. अमेरिकी कापणीत सहाव्या ते बाराव्या बरगडीदरम्यानच्या भागातून रिबआय निघतो. तोच स्नायू पुढे कमरेवर आला की स्ट्रिप. कण्याच्या खालच्या अंगाला, पोटाच्या पोकळीकडे दडलेला निमुळता स्नायू म्हणजे टेंडरलॉइन. त्याला फारसं काम नसतं, म्हणून तो सगळ्यांत मऊ. पण त्यात चरबी कमी, त्यामुळे चवही सौम्य. माझ्या मते त्याची कीर्ती त्याच्या चवीपेक्षा मोठी आहे. याच स्नायूच्या निमुळत्या टोकाकडचे गोल काप म्हणजे फिले मिन्यों आणि मधला जाड भाग म्हणजे शातोब्रियां.

बाकीचा नकाशा पटकन: खांदा म्हणजे चक, छाती म्हणजे ब्रिस्केट, पोटाचा पुढचा भाग प्लेट, मागचा फ्लँक, मागची मांडी राउंड. कंबर आणि मांडी यांच्यामधल्या पुठ्ठ्याला अमेरिकेत सरलॉइन म्हणतात.

२. नाव कशावरून पडलं ते ओळखा

काही नावं सरळ जागा सांगतात. रिबआय, फ्लँक, रंप ही त्यातली. ती सर्वांत भरवशाची.

काही नावं आकार किंवा ठेवण सांगतात. टी-बोनमध्ये कमरेच्या मणक्याचं इंग्रजी टी अक्षरासारखं हाड दिसतं. एका बाजूला स्ट्रिप, दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइन. टोमाहॉक म्हणजे लांब बरगडीसकट कापलेला रिबआय, हाड साफ करून कुऱ्हाडीच्या दांड्यासारखं ठेवलेलं. दिसायला झकास, पण त्या हाडाचंही वजन आपण विकत घेतो हे विसरू नये. ट्राय-टिप हा पुठ्ठ्याच्या खालच्या बाजूचा तिकोनी स्नायू. कॅलिफोर्नियातल्या सांता मारियाने त्याला नाव मिळवून दिलं. हँगर श्वासपटलाजवळ लोंबत असतो, म्हणून हँगर. एका जनावरात तो एकच मिळतो. खाटीक तो विकण्याऐवजी घरी नेत, असं सांगतात. त्यावरूनच त्याला ‘बुचर्स स्टेक’ हे दुसरं नाव पडलं.

तिसरा गट माणसांच्या, शहरांच्या आणि हॉटेलांच्या नावांचा. इथे सावध राहा. न्यूयॉर्क स्ट्रिप आणि कॅन्सस सिटी स्ट्रिप एकच. दुसऱ्याला बहुधा हाड ठेवलेलं असतं. शातोब्रियांचा संबंध फ्रेंच लेखक-मुत्सद्दी फ्रांस्वा-रने द शातोब्रियां (१७६८–१८४८) यांच्याशी जोडला जातो. डेल्मोनिको हे न्यूयॉर्कच्या डेल्मोनिकोज या जुन्या रेस्टॉरंटचं नाव. पण तिथला मूळ तुकडा कोणता यावर आजही वाद आहे, त्यामुळे ‘डेल्मोनिको’ मागितला तर कुठे रिबआय मिळेल, कुठे आणखी काही. ‘सरलॉइन’बद्दलची दंतकथा तर सर्वांना आवडते: म्हणे कुण्या इंग्लिश राजाने जेवताना खूश होऊन मांसाच्या तुकड्यालाच ‘सर’ किताब दिला. गोष्ट मजेशीर आहे, खरी नाही. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा अर्थ नुसता ‘कमरेच्या वरचा’.

चौथ्या गटात तुकड्याचं नावच नसतं, कृतीचं असतं. लंडन ब्रॉइल म्हणजे चिवट, पातळ तुकडा मुरवून कडक आचेवर भाजायचा आणि बारीक कापायचा. त्या लेबलखाली फ्लँकही असू शकतो आणि राउंडही. स्विस स्टेकचंही तसंच. सॉल्सबरी स्टेक तर खिम्याचा, डॉ. जेम्स सॉल्सबरी यांच्या नावावरून आलेला. त्यात स्टेक शोधू नये.

फसवं म्हणावं असं एक नाव खास लक्षात ठेवा: मॉक टेंडर, म्हणजेच चक टेंडर. आकार टेंडरलॉइनसारखा, जागा मात्र खांद्याची, आणि स्वभाव चिवट. तव्यावर टाकलात तर दात दुखतील. तो रश्श्यात मंद शिजवायचा.

नावापुढे वाग्यू किंवा अँगस असेल तर ती जनावराची जात आहे, तुकडा नव्हे. कोबे म्हणजे जपानच्या ह्योगो प्रांतातल्या ताजिमा वाणाचं वाग्यू. प्राइम, चॉइस, सिलेक्ट या मांसाच्या दर्जाच्या अमेरिकी श्रेणी आहेत, ए-५ ही जपानी. वाग्यू म्हटलं तरी रिबआय की राउंड, हा प्रश्न उरतोच.

३. यादी कोणत्या देशाची ते बघा

खरी गंमत इथे होते. अमेरिकी माणूस सरलॉइन म्हणतो तेव्हा पुठ्ठा. ब्रिटिश माणूस सरलॉइन म्हणतो तेव्हा अमेरिकी स्ट्रिप. पुठ्ठ्याला तो रंप म्हणतो. पाककृती ब्रिटिश आणि खरेदी अमेरिकी लेबल वाचून केली, की वेगळाच तुकडा घरी येतो.

स्ट्रिपचाच प्रवास बघा. फ्रान्समध्ये तो फो-फिले किंवा कोंत्र-फिले. ऑस्ट्रेलियात त्याला पोर्टरहाउस म्हणतात, हाड काढलेला असला तरी (अमेरिकी पोर्टरहाउस हाडासकटचा, तो पुढे येतोच). अर्जेंटिनात तोच बिफे दे चोरिसो होतो, आणि ते वाचून अनेक पाहुणे सॉसेजची वाट बघत बसतात. रिबआय ऑस्ट्रेलियात स्कॉच फिलेट, अर्जेंटिनात ओहो दे बिफे. टेंडरलॉइन ब्रिटनमध्ये नुसता फिलेट, अर्जेंटिनात लोमो, स्पेनमध्ये सोलोमियो. आणि फ्रान्समधल्या खाटकाकडे फिले मिन्यों मागितलात तर तो बहुधा डुकराचा देईल.

पुठ्ठ्यावरच्या चरबीच्या थरासकटच्या टोपीला ब्राझीलमध्ये पिकान्या म्हणतात आणि तिथे तिचा मान फार मोठा. ऑस्ट्रेलियात तीच रंप कॅप, अमेरिकेत कुलोट. बऱ्याचदा चरबी आधीच छाटलेली असते. तसं असेल तर घेऊ नका, निम्मी मजा गेलेली असते.

४. तुकडा जवळून बघा

नावाने दगा दिला तरी तुकडा खोटं बोलत नाही. रिबआय हातात घ्या. मधोमध गोलसर डोळा दिसेल, बारीक पांढऱ्या रेषा विखुरलेला. त्याच्या एका कडेने चरबीची जाड गाठ, आणि गाठीच्या पलीकडे डोळ्याला कवेत घेणारी चंद्रकोर. ती चंद्रकोर म्हणजे रिब कॅप. तिचे धागे सैल, चरबी भरपूर, आणि चव अख्ख्या जनावरात बहुतेक सर्वांत सुंदर. खांद्याकडच्या रिबआयमध्ये ही कोर रुंद असते आणि कमरेकडे जाताना बारीक होत जाते. दोन तुकडे समोर असतील तर रुंद कोरवाला उचला.

टी-बोन आणि पोर्टरहाउस यांतला फरक मोजपट्टीचा आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या व्याख्येनुसार टेंडरलॉइनची बाजू कमीत कमी सव्वा इंच रुंद असेल तर पोर्टरहाउस. टी-बोनला अर्धा इंच पुरतो. फ्लोरेन्सचा प्रसिद्ध बिस्तेका आला फियोरेंतिना याच कुळातला, पण तळहातापेक्षा जाड. मॅड काऊ रोगामुळे कण्याच्या हाडावर युरोपात बंदी आली तेव्हा २००१ ते २००६ तो हाडासकट मिळत नव्हता.

फ्लॅट आयर्नची गोष्ट वेगळी. हा खांद्याच्या पात्यावरचा स्नायू जुन्या इस्त्रीच्या पात्यासारखा दिसतो. पूर्वी तो आडवा कापत, तेव्हा प्रत्येक कापाच्या मधोमध रबरासारखी पांढरी शीर यायची आणि लोक टाळायचे. नेब्रास्का आणि फ्लोरिडा विद्यापीठांतल्या संशोधकांनी खांद्याचे स्नायू एकेक करून तपासले तेव्हा लक्षात आलं की शीर सोडली तर मांस टेंडरलॉइनच्या खालोखाल मऊ आहे. आता तो शिरेला समांतर दोन भागांत उकलतात आणि शीर काढून टाकतात. घेताना मध्ये पांढरी रेघ दिसली तर तो जुन्या पद्धतीचा काप समजा. ब्रिटनमध्ये त्याला फेदर ब्लेड म्हणतात आणि तो मंद शिजवायला उत्तम.

५. तुकड्याप्रमाणे आच आणि सुरी ठरवा

पाठीवरचे जाड काप साधे असतात: कोरडे पुसा, मीठ लावा, तवा किंवा जाळी कडक तापवा, भाजा, पाच-सात मिनिटं विसावू द्या. मीडियम-रेअर, म्हणजे आतून गुलाबी, हवं असेल तर मधोमध थर्मामीटरवर ५४ ते ५७ अंश सेल्सियस. अमेरिकी कृषी खात्याचा सुरक्षिततेचा सल्ला ६३ अंश आणि त्यानंतर ३ मिनिटं विसावा, असा आहे. टेंडरलॉइन त्यापुढे नेलात तर कोरडा पडतो. रिबआय चरबीमुळे थोडं जास्त सहन करतो.

पोटाकडचे तुकडे, म्हणजे स्कर्ट, फ्लँक, फ्रेंचांचा बावेत, आणि त्यांच्या जोडीला हँगर, हे माझे आवडते. पातळ स्कर्टला प्रचंड आच आणि एका बाजूला दोन-तीन मिनिटं पुरतात. पण हे तुकडे भाजल्याने मऊ होत नाहीत, कापल्याने होतात. फ्लँकचे धागे लांबच लांब, डोळ्यांनी दिसतील असे एका दिशेने धावतात. भाजण्याआधीच ती दिशा बघून ठेवा, कारण वरची बाजू करपल्यावर ती शोधणं अवघड. मग सुरी धाग्यांना आडवी धरून, थोडी तिरपी, बोटाच्या निम्म्या जाडीचे काप काढा. स्कर्टचे धागे रुंदीच्या दिशेने जातात, म्हणून तो आधी लांबीत तीन-चार तुकड्यांत तोडा आणि मग प्रत्येक तुकडा फिरवून कापा. पिकान्याचे कच्चे काप मात्र धाग्यांच्या दिशेनेच काढतात, म्हणजे ताटात खाणाऱ्याची सुरी आपोआप धाग्यांना आडवी पडते.

काउंटरवर अजूनही शंका असेल तर विक्रेत्याला नाव न विचारता ‘हा कुठून कापला?’ असं विचारा. अमेरिकेत १९७३ मध्ये किरकोळ दुकानांसाठी नावं प्रमाणित करण्याचा प्रयत्न झाला, तरी पाट्यांवर हौशी नावं अजून दिसतातच. घाऊक व्यापारी तर सरळ आकड्यांत बोलतात: १८० म्हणजे बिनहाडाची स्ट्रिप, १८९ अख्खा टेंडरलॉइन, १९३ फ्लँक. मोठी ऑर्डर देताना नावाशेजारी हा आकडा लिहून घ्या.