स्विंग जॅझच्या तबकड्या जमवताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात एक तरुण जॅझचा बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन याची ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, तबकडी घेऊन माझ्याकडे आला. चोरबाजारातून आणलेली, मळकट. घरी नेऊन, एक व्हिडिओ पाहून, त्यानं ती सर्जिकल स्पिरिटनं पुसली. कापूस काळा व्हायला लागला तसा त्याला हुरूप आला, तो घासतच राहिला. निघत मात्र होती लाख. या तबकड्या लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या असतात. सुतार पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, एवढं आठवलं असतं तरी ती वाचली असती. मी लावून पाहिली. ट्रम्पेटं, ट्रॉम्बोनं सगळी खरखरीत बुडालेली. व्हिडिओ विनाइलचा, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांचा होता आणि त्यानं तो अर्धाच पाहिला होता. या घाईचा मला मनापासून राग येतो.

मी गार पाणी घेतो, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं फिरवतो, लेबल कोरडं ठेवतो, लगेच टिपून घेतो. भिजत कधीच घालत नाही. कोलंबिया कंपनीच्या बऱ्याच तबकड्या थरांच्या असतात. तड्यातून पाणी आत गेलं की थर सुटतात.

दुसरी चूक सुईची. एलपीची, म्हणजे विनाइल तबकडीची, सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घसरत जाते आणि तिथली धूळच वाजवते. ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई वेगळी घ्या, त्यात काटकसर नको. चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुई तबकडीच्या एकाच बाजूपुरती, मग नवी. साउंडबॉक्सचं, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीचं, वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं, झिजलेली सुई खाच कापत जाते.

बँडप्रमुख ग्लेन मिलरचं ‘इन द मूड’ १९३९ साली ब्लूबर्ड या रेकॉर्ड लेबलवर आलं आणि अफाट खपलं. ते दुर्मीळ म्हणून विकत घेऊ नका. त्यापेक्षा मुंबईच्या ताजमध्ये वाजवणाऱ्या पियानोवादक टेडी वेदरफर्डनं कलकत्त्यात कोलंबियासाठी केलेल्या तबकड्या शोधा, त्या आपल्याच बाजारात दडलेल्या आहेत.

विक्रेत्याकडून ‘१९४३ चं व्हिक्टरचं (अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचं) रेकॉर्डिंग’ ऐकलं की थांबा. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं रेकॉर्डिंग बंद पाडलं होतं. व्हिक्टर आणि कोलंबियाशी तडजोड झाली नोव्हेंबर १९४४ मध्ये. तबकडी बाजारात १९४३ ला आली असेल, वाजवलेली बहुधा आधीची.

तबकड्या उभ्या ठेवा, अगदी सरळ. पावसाळ्यात जुनी कागदी पाकिटं बदला, बुरशी तिथूनच खाचांत उतरते.