सीटी स्कॅनची सीडी कशी उघडायची, कशी जपायची आणि दुसरी कशी बनवायची

परळला टाटाला किंवा केईएमला पेशंट दाखवायला आलेल्या लोकांच्या हातात रिपोर्टच्या फाईलबरोबर बऱ्याचदा सीटी नाहीतर एमआरआयची एक सीडी असते, आणि ती एकच असते. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं तर तीच घेऊन फिरायचं, लोकलच्या गर्दीत बॅगेत दाबली जाते, पावसात भिजते. म्हणून सीडी हातात आली की त्याच दिवशी घरच्या कॉम्प्युटरवर तिची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत एका फाइलमध्ये, काढून ठेवा, काम सोपं आहे.

नवीन लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, मग यूएसबीवाला बाहेरचा डीव्हीडी रायटर लागतो, लॅमिंग्टन रोडला मिळतो नाहीतर सोसायटीत कोणाकडे तरी पडलेला असतोच. तो थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, साध्या हबला लावलात तर पुरेसा करंट मिळत नाही आणि डिस्क नुसती फिरत राहते.

आता महत्त्वाचं. नुसतं फोल्डर उघडून कॉपी-पेस्ट करून थांबू नका. या सीडीवर आयएसओ ९६६० नावाची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत, असते, आत डायकॉमडिर नावाची एक फाइल असते आणि स्कॅनच्या फोटोंच्या फाइल्सची नावं सगळी कॅपिटलमध्ये, जास्तीत जास्त आठ अक्षरांची, पुढे एक्स्टेन्शन काही नाही. डायकॉमडिर म्हणजे अनुक्रमणिका, कुठला फोटो कुठल्या फाइलमध्ये ते तिथे लिहिलेलं असतं, त्यामुळे तुम्ही एखादं फोल्डर हलवलंत किंवा "बाबांचा स्कॅन" असं नाव दिलंत की हॉस्पिटलच्या मशीनला ते सापडत नाही. म्हणून अख्ख्या डिस्कची एकच आयएसओ फाइल काढायची. विंडोजमध्ये त्यासाठी स्वतःची सोय नाही, इमेजबर्न हे फुकट सॉफ्टवेअर घ्या (इन्स्टॉल करताना बाकीचे नको ते टिक काढून टाका) आणि त्यात डिस्कवरून इमेज फाइल बनवायचा पर्याय निवडा. उबंटूवर डिस्क्स नावाचं ॲप आधीपासून असतं, त्यात डावीकडे ड्राइव्ह निवडून मेनूतून डिस्क इमेज बनवा.

मध्येच रीड एरर आली तर सीडी मऊ सुती कापडाने पुसा, मधून कडेकडे सरळ, गोल गोल अजिबात नाही. तरी जमत नसेल तर दुसरा ड्राइव्ह बघा, लिनक्स येत असेल तर डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचायचं सॉफ्टवेअर वापरा, ब्लॉक साइज २०४८ द्या आणि मॅप फाइल (कुठला भाग वाचून झाला त्याची नोंद) ठेवा म्हणजे थांबलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं. तेवढ्यानेही नाही झालं तर सरळ स्कॅन सेंटरला जाऊन दुसरी कॉपी मागा, उशीर करू नका.

आयएसओ तयार झाली की विंडोज ८ पासून पुढे नुसतं डबल क्लिक केलं तरी ती माउंट होते, नवीन ड्राइव्ह लेटर दिसतं, जणू खरी सीडी आत आहे. बघून झालं की त्यावर राइट क्लिक करून इजेक्ट. यात लिहिता काहीच येत नाही, आणि ते बरंच आहे, स्कॅनला चुकूनही धक्का लागत नाही. फोटो बघायला सीडीवरचाच व्ह्यूअर चालला तर ठीक, नाहीतर मायक्रोडायकॉम किंवा वेसिस हे व्ह्यूअर घ्या.

दुसरी सीडी लिहिताना कोरी डिस्क टाकल्यावर विंडोज विचारतं, पेनड्राइव्हसारखी वापरायची का प्लेअरसाठी. पेनड्राइव्हवालं निवडू नका, ते यूडीएफ नावाची वेगळी फाइल सिस्टिम लिहितं आणि हॉस्पिटलच्या सिस्टिमला ते चालेलच असं नाही. ती खिडकी बंद करा, आयएसओ फाइलवर राइट क्लिक, बर्न डिस्क इमेज (विंडोज ११ मध्ये आधी शो मोअर ऑप्शन्स), आणि बर्न झाल्यावर व्हेरिफाय करायचं टिक नक्की लावा. मूळ फाइल सिस्टिम जशीच्या तशी उतरते.

साइज आधी बघा. सीटीचा एक स्लाइस, म्हणजे एका कापाचा फोटो, ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा, साधारण अर्धा एमबी, म्हणजे ७०० एमबीच्या सीडीत तेराशेच्या आसपास बसतात, त्याच्यापुढे डीव्हीडी घ्या. डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असलं तरी कॉम्प्युटर ४.३८ दाखवतो, फक्त मोजायची पद्धत वेगळी.

आणि सीडीवर बॉलपेनने नाव लिहू नका, कागदी स्टिकरही नको. सीडीचा डेटा खालच्या चकचकीत बाजूला नसून छापील बाजूच्या पातळ लॅकरखाली लगेच असतो, तिथे ओरखडा गेला की परत येत नाही. सीडी मार्करने मधल्या पारदर्शक गोलावर लिहा.

आयएसओची एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक घरच्या दुसऱ्या कोणाकडे. फॅमिली ग्रुपवर मात्र टाकू नका, प्रत्येक फोटोच्या आत पेशंटचं नाव आणि बऱ्याचदा जन्मतारीखही असते. डॉक्टरकडे निघायच्या आधी नवी सीडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून ते नाव आणि स्कॅनची तारीख कागदावरच्या रिपोर्टशी जुळवून घ्या.